केमोचा मंगळवार

केमोचं सलाईन संपायला चार-साडेचार तास लागतात. तेवढ्या वेळात माणूस किती वेळ छताकडे बघणार? मग तो बोलतो. दर तिसऱ्या मंगळवारी नगरच्या त्या हॉस्पिटलात आमच्या तिघांच्या खुर्च्या शेजारीशेजारी येतात, आणि घरी सांगता न येणारं सगळं तिथं साचत जातं.

मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर टर्नर. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. शेजारी कोल्हारचे रशीदचाचा, शिंपी, त्यांना जबड्याचा. पलीकडे राहुरीकडच्या शकुंतलामावशी, रोजानं खुरपायला जाणाऱ्या, घरी एकट्या; त्यांना छातीचा. तिघांचीही ट्रीटमेंट सरकारी योजनेत बसली. घर मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही, आणि कामावर तिघांपैकी कुणालाच जाता येत नाही.

*

तिसऱ्या केमोनंतर आमचे शेठ घरी आले. सतरा वर्षांत पहिल्यांदाच. सोबत सफरचंदं.

संगीतानं, माझ्या बायकोनं, शेजारून साखर आणून चहा केला. शेठ तब्येतीचं बोलले, पावसाचं बोलले. मी मनात एकच घोकत होतो, आता नोकरीचं काढतील, आता काढतील. पण त्यांनी कप ठेवला, उठले, चपला घातल्या. मला हायसं वाटलं.

दारातून वळून म्हणाले, "तुझ्या लॉकरची चावी दे रे जरा. तुझ्या लेथवरच्या नवीन माणसाला मापाला मायक्रोमीटर लागतोय."

मी चावी दिली. ती सफरचंदं तीन दिवस तशीच पडून होती.

*

चाचा डॉक्टरांना दर वेळी सांगायचे, मला उलटी होतच नाही. डॉक्टर खूश. आम्हाला तर हेवाच वाटायचा. उलटीची गोळी बाहेरून विकत आणायला लागायची आणि चाचांना तिची गरजच पडत नव्हती.

एका मंगळवारी वजन केलं, तर काटा बराच खाली. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा चाचा म्हणाले, "साहेब, सोमवारपासून जेवतच नाही ना मी. पोटात काही नसलं, तर उलटी कशाची होणार? गोळीही वाचते, जेवणही वाचतं."

ते स्वतःच हसले.

*

संगीता एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली, तेव्हाची गोष्ट. दुपारी मला थंडी वाजून आली. ताप चढला तर लगेच या, जराही थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. थर्मामीटर लावला, पारा वर. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. ती निघून आली, तर खाडा पडणार. नवी नोकरी, एका खाड्यात सुटली तर?

चादर ओढून पडून राहिलो. दात वाजत होते. भिंत हलल्यासारखी वाटायला लागली. आता उठून दाराची कडी तरी काढून ठेवावी, असं मनात आलं, आणि असं का मनात आलं, त्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी ती आली, कपाळाला हात लावला आणि मला तशीच रिक्षात घालून निघाली. खाडा पडेल म्हणून फोन केला नाही, हे मी वाटेत सांगितलं. हॉस्पिटलच्या दारात ती म्हणाली, "अहो, तुम्ही गेल्यावर माझे किती खाडे होतील, तेही मोजलं असेल ना?"

*

मावशींना ज्या गोळ्या आहेत, त्यांनी तळहाताची, बोटांची कातडी सोलून निघते. गेल्या महिन्यात त्या रेशनला गेल्या. मशीनवर अंगठा ठेवला. जुळेना. दुकानदारानं पदराला पुसायला लावला, दुसरा अंगठा घेतला, मग एकेक करून सगळी बोटं. शेवटी म्हणाला, मोबाईलवर नंबर येईल, तो सांगा. कार्डाला जोडलेला मोबाईल त्यांच्या नवऱ्याचा. नवरा वारला, तसा तो फोनही बंद पडलेला. मग घरातलं दुसरं कुणी पाठवा, म्हणाला. घरात दुसरं कुणी नाही. मागची रांग कुरकुरायला लागली. मावशी रिकामी पिशवी घेऊन परत आल्या.

"मशीन म्हनतंय, मी न्हाईच," त्या आम्हाला सांगत होत्या.

त्यांनी अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. चाचांनी चष्मा लावून निरखून बघितला आणि चष्मा काढून ठेवला. मी माझा अंगठा मुठीत दाबून धरला.

तेवढ्यात सिस्टर फाईल घेऊन आली. मावशींचं औषध बदलणार होतं, त्याच्या संमतीचा कागद. मावशींना सही येत नाही. सिस्टरनं त्यांचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि मग कागदावर टेकवला. कागदावर नुसता निळा डाग उठला. त्यात एकही रेघ नव्हती. सिस्टरनं फाईल मिटली आणि सुई हातात घेतली.

मावशींनी अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि तिला विचारलं, "हितं चालतो व्हय गं?"