फरशीखाली गेलेला उंबरा

रस्त्याकडच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर माझं भागतं. त्या रिकाम्या राहिल्या की पुण्याचा मुलगा म्हणतो, "चल आता माझ्याकडं." सहाव्या मजल्यावर सुनेच्या मालिका बघत बसण्यापेक्षा मी उमापुरात भिंतीशी बोलेन. पण भाडेकरू मिळेनात. मास्तर, बँकवाले, सगळे गेवराईहून मोटारसायकलीवर ये-जा करतात.

वर्षभरानं एक कंडक्टर आला. लग्न ठरलेलं. म्हणाला, "मावशी, खोल्या चांगल्या हायत, पण फरशी लई फुटलीय."

जुनी शहाबादी उखडायची म्हणजे मजुरी वेगळी, ढिगारा टाकायचं भाडं वेगळं. मिस्त्री म्हणाला, "उखडता कशाला? वरूनच टाइल बसवू." स्वस्तातलं मला लगेच पटतं. जमीन वर आली, दार अडकलं, ते खालून कापलं. काम झकास.

लग्नाच्या दोन दिवस आधी कंडक्टरची आई बघायला आली आणि दारातच थांबली.

"आवो, उंबरा कुठं हाय?"

"फरशीखाली गेला."

"मग सुनंनं माप कशावरून ओलांडायचं?"

"जमिनीवरून. पाय हायत ना तिला?"

"बिनउंबऱ्याच्या घरात मी सून घेणार न्हाई. दुसरी खोली बघतो आमी."

मला पुण्याची लिफ्ट दिसायला लागली. मिस्त्री म्हणाला, नवी टाइल फोडून उंबरा काढावा लागेल. "टाइलला हात लावलास तर तुझं डोकं फोडीन," मी म्हणाले. मोरीतला धुण्याचा दगड मी त्याच्याकडून काढवला. त्यानं तो छिन्नीनं बेतून चौकटीत बसवला.

कंडक्टरची आई कंबरेवर हात ठेवून बघत होती. "चड्ड्या आपटायच्या दगडाची पूजा करू काय?"

"रोज साबण लागलाय त्याला. एवढा स्वच्छ दगड गावात दुसरा दाखवा."

तिच्यामागं उभा कंडक्टर हसला. आईनं त्याच्याकडं डोळे वटारले, मग पदर खोचला आणि दगडाला हळद-कुंकू लावलं.

दगड जरा उंचच झाला होता. लग्न लावून आलेली नवरी अडखळली, माप उडालं, तांदूळ पार चुलीपर्यंत गेले. सासूनं माझ्याकडं बघितलं.

"शकुन चांगला हाय," मी ठोकून दिलं. "अन्न सरळ चुलीकडं गेलं."

"तुमच्या जिभेला काई हाड?" ती म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ गोळा करायला लागली.

मी मागं माझ्या घरात आले आणि पुण्याला फोन लावला. म्हटलं, खोल्या भरल्या, माझी वाट बघू नका.