हळू बोलण्याची भिंत

"वरडू नको गो, हळू बोल!" बहिरा माणूस समोरच्याला असं दटावतो, हे तुम्ही कुठं पाहिलंय? आम्ही रोज पाहायचो. माझ्या घराच्या दगडी गडग्यापलीकडे आबा राहायचे. बोटीच्या इंजिनापाशी उभा जन्म काढून ते रत्नागिरीला परतले, ते कान तिकडेच ठेवून. अगदी कानाशी ओरडलं तरच ऐकू यायचं.

दुसरं महायुद्ध अजून यायचं होतं. आबा सांगायचे, विलायतेच्या किनाऱ्यावर साहेबानं सिमेंटचे कान बांधलेत. घराएवढे उंच, वाटीसारखे खोलगट, तोंड समुद्राकडे. शत्रूचं विमान दिसायच्या आधी त्याचा आवाज त्या वाटीत गोळा होतो आणि पुढ्यात बसलेल्या शिपायाला कळतो. आम्ही माना डोलवायचो. बोटीवरच्या माणसाला बाता मारायला कोण अडवणार?

मग एका उन्हाळ्यात त्यांनी अंगणाच्या कडेला चिऱ्याची भिंत उभारली, आतून खोलगट कोरली आणि चुन्यानं घोटून गुळगुळीत केली. अख्खी वाडी हसली. आमच्याकडे शत्रू म्हणजे माडावरची वानरं, आणि ती बोंबलतच येतात! मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "आबा, इमान येनार काय?"

"हिच्यासाठी बांधतंय," ते ओटीवरच्या बायकोकडे बोट करून म्हणाले. "ही वरडून सांगते ता काय? जेवान झाला, गाय सुटली. दुसरा काय वरडून बोलता येता काय?"

माझं हसू तोंडातच राहिलं.

भिंत सुकल्यावर आबा तिच्याकडे तोंड करून दगडावर बसले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वयनी, तुळशीपाशी उभ्या राहून हलकेच काही बोलल्या. काय ते मला कळलं नाही. आबांना कळलं. "आयकला गो!" म्हणाले आणि रडायलाच लागले. पुढं रोज संध्याकाळी ते तिथं बसायचे, आणि वयनी तांदूळ निवडता निवडता बोलत राहायच्या. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा मी आणि वयनी अंगणात आमसुलं वाळत घालत होतो. आबा भिंतीकडे तोंड करून पाठमोरे बसलेले. त्यांच्यादेखत काहीही बोलायची वयनींची सवय कित्येक वर्षांची, ती कुठली जाणार? सहज म्हणाल्या, "बोटीवर व्हते तेच बरा व्हता. कोनाची वाट तरी बगायची व्हती." मनात काही नव्हतं. कामानं कंटाळलेली बाई बोलते तसं बोलल्या.

आबांची पाठ ताठ झाली. त्यांनी वळून पाहिलं नाही. वयनींच्या ते ध्यानातही आलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, आगबोटी सुरू झाल्या, आणि आबांनी वळकटी बांधली. मुंबईला काम बघतो म्हणाले. आम्ही बंदरावर पोचवायला गेलो. आगबोट लांब उभी होती, तिथवर पडावातून जायचं. पडावात पाय ठेवताना ते वयनींना म्हणाले, "आता बरा वाटेल तुला. वाट बगायला होईल." आवाजात राग नव्हता.

वयनींना उमगेपर्यंत पडाव सुटला होता. त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि सगळ्या बंदरादेखत ओरडल्या, "अवो, मागं फिरा! तुमच्याबिगर माजा दिस नाय जायाचा!" कोळी, हमाल, सगळे वळून बघायला लागले.

आबांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. त्यांनी वयनींचं हलणारं तोंड पाहिलं. नेहमीसारखं काहीतरी सांगत असेल, वेळेवर जेवा, सामान सांभाळा, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि आगबोटीकडे तोंड करून बसले.