न खणलेल्या विहिरी

राजस्थानात सर्वांत जास्त विहिरी कुणी खणल्या असतील, तर त्या मी आणि माझे वरिष्ठ, साताऱ्याचे अण्णा, आम्ही दोघांनी. तेही जयपूरच्या सरकारी कचेरीत, पंख्याखाली बसून.

काम होतं गावोगावच्या विहिरींची पाण्याची पातळी नोंदण्याचं. आमची प्रोग्रॅमिंगची भाषा एपीएल. अख्खा तक्ता एका घासात गिळायची, पण तक्त्यातली प्रत्येक गावाची ओळ सारख्याच लांबीची हवी. एका थोरल्या गावात विहिरी चाळीस, म्हणून सगळ्या गावांना चाळीस! तीन विहिरींच्या खेड्याला आम्ही सदतीस शून्यं चिकटवायचो. सरासरी काढताना ती वगळायची, पण छापील कागदावर विहिरी चाळीसच.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तिची धाकटी बहीण आली, एपीएल टू. हिच्यात प्रत्येक गावाला आपापल्या विहिरींची वेगळी पुरचुंडी बांधून देता यायची. कुणाची तीनची, कुणाची चाळीसची. अण्णांची तेव्हा पुण्याला बदली झालेली. पण जुने प्रोग्रॅम नव्या भाषेत नेऊन बड्या साहेबांची सही घेतल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती. आदर्श नगरातल्या घरी अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, सामान बांधून महिना झाला होता. बाहेर ठेवलेली दोनच ताटं. मी जेवायला गेलो की अण्णा पातेल्याच्या झाकणात जेवायचे.

अखेर काम उरकलं. अडीच हात लांबीचा प्रोग्रॅम चार ओळींत मावला.

"न्हाऊन आल्यासारखा दिसतोय, लेका!" अण्णा म्हणाले.

बड्या साहेबांनी नवा कागद पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"इस गाँव में तो चालीस कुएँ थे. तीन रह गए?"

"साब, बाकी सब शून्य थे," अण्णा म्हणाले.

"मतलब, सूख गए?"

"मतलब, थे ही नहीं."

"तो इतने साल आप हमें दिखा क्या रहे थे?"

साहेबांनी तडक जीप काढायला लावली आणि आम्हा दोघांनाही आत बसवलं. सांगानेरच्या पुढे ते खेडं. झाडाखाली हुक्का ओढत एक आजोबा बसले होते. त्यांच्या पागोट्यात आमची कचेरी सहज मावली असती.

"बाबा, गाँव में कुएँ कितने?" साहेबांनी विचारलं.

आजोबांनी सरकारी जीप नीट न्याहाळली. "सरकार खुदवाए तो चालीस भी कम पड़ेंगे, साब!"

साहेब स्वतःच मोजायला निघाले. एक, दोन, तीन. चौथीसाठी गावाला दोन फेरे घातले, एका रांजणातही डोकावले. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही ठोकली.

परतताना दुर्गापुऱ्यापाशी अण्णांनी कागदावरची सही पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाले, "आता इथं मराठीत भांडायला तुला कोण रे?"

"लाखभर मराठी माणसं आहेत जयपुरात, अण्णा," मी ठोकून दिलं.

इतकी वर्षं माझा एकेक आकडा तीनतीनदा तपासणारा तो माणूस. हा मात्र त्यांनी तपासला नाही.