रुमाल टाकून धरलेला ट्रक

आमच्या घरात माझी काकू आणि माझे बाबा एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, राग-रुसवा नव्हता. बाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही ही तिने माहेराहून आणलेली आणि आमच्या घरानेही मुकाट्याने पाळलेली रीत. त्यामुळे दोघांमधली निरोपांची हमाली लहानपणापासून माझ्याकडे आली. काकू दाराच्या चौकटीला टेकून पदर सावरत मला म्हणायची, "त्याईले सांग, आंघोळीचं पाणी काढलं." हे त्याई, म्हणजे बाबा, तिथेच दोन हातांवर दाढी करत बसलेले असत. ते मला म्हणत, "तिले सांग, येतो." मध्ये एकदा मला कंटाळा आला आणि मी निरोप पुन्हा न म्हणता नुसती मान हलवली, तर दोघंही माझ्यावर नाराज झाले. निरोप ऐकू आला असला तरी पोचवला गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही भाजीपाल्याचे शेतकरी. केळझर आणि सिंदीच्या मधल्या पट्ट्यात आमचं वावर. वांगी, कोबी, टमाटे, आणि ज्याला बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो तो आमचा सांबार. माल भल्या पहाटे छोट्या टेम्पोत भरून वर्ध्याच्या बाजारात न्यायचा, आणि तो टेम्पो बाबाच चालवणार. शेत दोघा भावांचं, पण स्टिअरिंग बाबांचं. काकांना ते फक्त उभ्या टेम्पोत बसून हार घातलेल्या देवाच्या फोटोला अगरबत्ती ओवाळू देत.

तर हे बाबा बाजारात वांग्यांचं कॅरेट उतरवताना घसरले आणि पाय मोडून घेऊन घरी आले. मांडीपर्यंत प्लास्टर, आणि डॉक्टरांनी सांगितलेली सक्तीची विश्रांती. टेम्पो काकांच्या हाती गेला. पहिले काही दिवस बाबांनी खाटेवरूनच टेम्पो चालवला. गल्लीतून आवाज आला की हे आतून ओरडत, "अबे गेअर घासून राह्यला! क्लच कशाले देला कंपनीनं?" काका बिचारे घामाघूम. आई म्हणायची, याच्यापेक्षा पाय बरा असता तर घरात शांतता असती. आम्ही सगळे हसायचो.

मग एक दिवस टेम्पो घासत गल्लीत वळला आणि आतून काहीच आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. जेवण पुढे आलं तर जेवत, विचारलं तर हूं म्हणत. ओरडणारे बाबा मला सोसवत होते, हे गप्प बाबा मला सोसवेनात. मला सरळ भीती वाटली. माणूस पाय मोडून अंथरुणावर पडतो आणि मग पाय जुळला तरी उठत नाही, अशी एक-दोन माणसं मी गावात पाहिली होती.

मी वर्ध्याला एका कचेरीत कॉम्प्युटरवर काम करते आणि घरी आले की त्याच कॉम्प्युटरच्या लहान बहिणीवर, म्हणजे माझ्या जुन्या लॅपटॉपवर, व्हिडिओ गेम खेळते. घरात याबद्दल फारसं अभिमानाने बोललं जात नाही. पोरगी तिशीला टेकली आणि अजून बटणं दाबून माणसं पळवते, असा एकूण सूर. पण त्या आठवड्यात मला एका गेमची चित्रफीत दिसली. ट्रक चालवायचा गेम. माल भरायचा, रस्त्याला लागायचं, घाट चढायचा, ढाब्यावर थांबायचं, माल पोचवायचा. बस, एवढंच. मी मोबाइल बाबांच्या नाकासमोर धरला. त्यांनी पाहिलं. पुन्हा लाव म्हणाले. तिसऱ्यांदा पाहताना उशीवरून मान उचलली आणि विचारलं, "हे गाडी आपल्याले चालवता येते का?"

कित्येक दिवसांत त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी लगेच घेते म्हटलं. पण त्यांनी भाव विचारला, आणि मी खरा सांगितला, तिथे चुकलं. बाबा आयुष्यभर बाजारात बसलेले. सकाळचा भाव म्हणजे त्यांच्या दृष्टीने नुसती बोलीची सुरुवात. "उतरल्यावर घेजो," ते म्हणाले. मी सांगून पाहिलं की गेम म्हणजे सांबार नाही, तो संध्याकाळपर्यंत सुकत नाही, त्यामुळे उतरत नाही. ते म्हणाले, सुकत नाही तर मग महाग कशाले? आणि परत भिंतीकडे वळले. माझ्या पैशाने परस्पर घेतला असता तर त्यांनी हात लावला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. या माणसाने एकदा मी महागात आणलेला स्वेटर अख्खा हिवाळा कपाटात थंडीला ठेवला होता.

नशिबाने गेम विकणाऱ्या एका लहानशा ऑनलाइन दुकानाने जाहीर केलं की येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता तोच गेम निम्म्याहून कमी भावात मिळेल, मात्र साठा मर्यादित. मी ही बातमी रात्रीच्या जेवणात सांगितली. काकांचा घास हातातच राहिला. "खेळ म्हंजे का वांगे हायेत, संपाले?" मी समजावलं: गेम कधीच संपत नाही, पण तो उघडायला अक्षरांची आणि आकड्यांची एक किल्ली लागते. एका किल्लीने एकाचंच कुलूप उघडतं. या दुकानाने अशा मोजक्याच किल्ल्या स्वस्तात आणल्यात, त्या संपल्या की संपल्या. देशभरातली पोरं टपून बसणार. अकराच्या ठोक्याला पिशवीचं चित्र असलेलं बटण दाबायचं, की ती किल्ली काही मिनिटं आपल्या नावावर राखून ठेवतात, तेवढ्यात पैसे भरायचे.

काकू भाकरी थापायची थांबली. "म्हंजे रुमाल टाकाचा," ती म्हणाली.

इथे काकूबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर समुद्रपूरकडचं, आणि समुद्रपूरच्या स्टँडवर एसटीत जागा धरण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. बस वळून फलाटाला लागायच्या आत तिचा रुमाल खिडकीतून आत गेलेला असतो. रुमाल नसेल तर पिशवी, पिशवी नसेल तर काहीही. एकदा तिने माझी चप्पल फेकून जागा धरली होती आणि मी एका पायावर लंगडत बसमध्ये चढले होते. रुमाल टाकलेल्या जागेवर दुसरा कुणी बसत नाही, यावर तिचा गाढ विश्वास. त्या रात्री तिने मला बारीकसारीक प्रश्न विचारले, खातं कसं उघडायचं, बटण कुठे असतं. मला वाटलं, बाईला नव्या जगाची आवड निर्माण झाली.

रविवारी मी बाबांच्या खाटेशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, कारण आमच्या घरात मोबाइलचं नेटवर्क फक्त त्या खोलीच्या खिडकीत येतं. बाबा मला पाहायचं नाही असं दाखवत पाहत होते. अकरा वाजले. मी बटण दाबलं. पान गोल फिरलं, फिरलं, आणि उघडलं तेव्हा त्यावर लिहिलं होतं: साठा संपला.

मी पुण्या-बंगळुरूच्या तमाम पोरांचा उद्धार केला. बाबा म्हणाले, जाऊ दे, नशिबात नाई, आणि हळूच तोंड फिरवलं. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी ताडकन उठून अंगणात आले. तिथे काकू तुळशीजवळ उभी होती, दोन्ही हातांच्या ओंजळीत मोबाइल धरून, जणू त्यात पाणी आहे. चेहऱ्यावर विजय.

"संपला नाई," ती म्हणाली. "म्या धरून ठेवला."

तेवढ्यात आईचा फोन वाजला. काकूची बहीण समुद्रपूरहून बोलत होती, तिनेही एक धरला होता. मग काकूचा भाऊ सिंदीहून. मग आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायका एकेक करून कुंपणापाशी आल्या, प्रत्येकीच्या हातात मोबाइल. दुकानाचा तो सगळा मर्यादित साठा, जिच्यासाठी देशभरातली पोरं तळमळत होती ती एकूण एक किल्ली, आमची काकू, तिचं माहेर आणि बचत गट यांच्या ताब्यात होती. मला जागा मिळू नये म्हणून नाही, मिळावी म्हणून. ज्यांना मी शिव्या घातल्या ती पुण्याची पोरं बिचारी माझ्यासारखीच हात चोळत बसली असणार.

मी हसावं की रडावं या विचारात असतानाच घोटाळा झाला. मी अंगणात आलेली पाहून सगळ्यांना वाटलं, प्रवासी आला, आता उठायचं. पहिली शेजारीण म्हणाली, "घे वो बाई, उठली मी," आणि तिने किल्ली सोडून दिली. मी आत धावून लॅपटॉप पाहिला, तर तिची जागा दुसऱ्याच कुणी पटकावलेली. बसमध्ये उठणारा माणूस आपल्याला हाताने ओढून बसवतो, इथे तसं नाही हे सांगायला मी परत बाहेर येईपर्यंत दुसरी उठली, तिसरी उठली. समुद्रपूरच्या मावशीने तर फोनवर मोठ्या मनाने कळवलं, "सोडला बरं, बस आता आरामात." उठू नका, उठू नका, असं मी कुंपणभर ओरडत फिरले. पण आमची माणसं भली. दुसऱ्याची जागा धरून ठेवायची, पण तो आला की अडवून बसायचं नाही.

राहिली एक काकू. ती जागची हलली नव्हती. ती म्हणाली, "तू जवळ येऊन बसल्याबिगर मी उठत नाई." तिची ही सवय मी जन्मभर पाहिली होती, आणि आज मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

पैसे भरायचे तर तिच्याच मोबाइलवरून, आणि अंगणात येऊन-जाऊन असणारं नेटवर्क नेमकं तेव्हाच गेलं. पान फिरतच राहिलं. वर राखीव वेळ उलटा सरकत होता. मी म्हटलं, मोबाइल माझ्याकडे दे, मी खिडकीपाशी नेते. काकूने मान हलवली. हात सुटला की जागा गेली, हे तिचं शास्त्र. मग चल तूच, मी म्हटलं. ती दारापर्यंत आली आणि चौकटीला थबकली. आत बाबा होते. त्या खोलीत बाबा असताना ती उंबरठ्याच्या आत कधी आली नव्हती. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं, मग पदर कपाळावर ओढला, आणि मोबाइलची ओंजळ समोर धरून सरळ आत शिरली. खाटेला वळसा घालून खिडकीशी, बाबांकडे पाठ करून उभी राहिली. बाबांनी घाईघाईने छताकडे पाहायला सुरुवात केली. मी तिच्या बोटांवरून माझं बोट नेऊन पैसे भरले. किल्ली आली.

ती आली काकूच्या मोबाइलवर. तेही तिने सोडलं नाही. खिडकीशी उभी राहून तिने एकेक इंग्रजी अक्षर शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं आणि मी लॅपटॉपवर उतरवलं. एका ठिकाणी मी चुकले, तर छताकडे पाहणारे बाबा म्हणाले, "तिनं 'के' म्हटलं, तू 'जे' लिवून राह्यली." म्हणजे ऐकत होते.

गेम उतरायला संध्याकाळ झाली. खाटेवर चौरंग, चौरंगावर लॅपटॉप, आणि बाबा पाठीला दोन उशा लावून बसले. सगळ्यात आधी त्यांनी क्लच कुठे आहे ते विचारलं. मग ट्रक रस्त्याला लागला. वळणावर हॉर्न, शाळेपाशी हॉर्न, कुणी नसतानाही हॉर्न. मागच्या गाडीला साइड देताना उजवा हात आपोआप खाटेबाहेर जाऊन हलायचा. माल सिमेंटचा होता. त्यांनी तो भरणाऱ्याला नावं ठेवली, वजन मागे पडलं म्हणे. काका उत्साहाने काही सांगायला गेले, तर बाबा गरजले, "तू नोको शिकवू मले, तुले गेअर तरी टाकता येते का?" काकांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही. आई हसता हसता डोळे पुसत होती. मीही.

काकू नेहमीच्या जागी, चौकटीला टेकून उभी होती, आणि मी खाट आणि दार यांच्या मध्ये. ट्रक घाट उतरायला लागला. बाबांचं लक्ष आरशात, मागच्या गाडीकडे. समोर वळणाआड एक बस प्रवासी घेत थांबली होती, ती दारातून सगळ्यात आधी काकूला दिसली. बस असली की तिला आधी दिसतेच.

"भाऊजी, बिरेक मारा," ती म्हणाली.

ट्रक बसच्या हातभर मागे येऊन थांबला. काकूने पदर तोंडाला लावला. बाबांनी पडद्यावरची नजर काढली नाही, पण उत्तर दारापर्यंत जाईल एवढ्या आवाजात दिलं.

"मारला, बाई. तू पाह्यत राह्यजो समोर."

मी दोघांच्या मध्ये सवयीने तयार उभी होते, आणि मला कुणीच काही सांग म्हणालं नाही.