अहो नुला, खाली उतरा!

माझ्या एकुलत्या एका भाचीचं नाव मी ठेवलं, आणि तेव्हापासून घरातल्या मांजराचंसुद्धा नाव मला ठेवू देत नाहीत.

माझा धाकटा भाऊ निखिल आणि त्याची आयरिश बायको कीरा माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, इथे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतच. कीराला मुलगी झाली. आमची आई पुण्याहून डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन आली (हँड लगेजमध्ये, कारण "सामानात फुटतात गं"). आणि मी झाले आत्या! मी लग्न केलेलं नाही (स्वखुशीने, कृपया स्थळं सुचवू नयेत), त्यामुळे आयुष्यात न मागता मिळालेलं हे एकच पद. आत्याचा मान एकच, बाळाचं नाव ठेवायचं. पण सूनबाई आयरिश! ती कशाला ऐकतेय? मी घाबरत घाबरतच विषय काढला.

"मग तूच ठेव की," कीरा चहात लाडू बुडवत म्हणाली. "फक्त आयरिश ठेव. आडनाव कुलकर्णी आहेच. माझ्याकडचंही काहीतरी राहू दे तिच्यात."

"आणि नाही आवडलं तर?"

"आवडेल. पण आधी सांगू नकोस हां. मलाही पाळण्यापाशीच ऐकायचंय."

मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या बँकेनेही कधी टाकला नव्हता. आता काहीही झालं तरी ह्या पोरीला असं नाव द्यायचं, की कीराला आपलं पोर माझ्या हाती दिल्याचा पश्चात्ताप होता कामा नये!

गुप्तता पाळायची म्हणून घरात कुणालाच विचारता येईना. मग मी गाठले शेजारचे फ्रँकआजोबा. तरुणपणी आयर्लंडहून इथे रस्ते बांधायला आलेले, ते परत गेलेच नाहीत. कुंपणावरून मी विचारलं, "मुलीसाठी चांगलंसं आयरिश नाव सांगा ना."

आजोबांनी डोळे मिटले आणि भडाभडा नावं सांगितली. असम्प्टा, कन्सेप्टा, अट्रॅक्टा, नुला. (एखाद्या पणजोबांना मराठी नाव विचारलं तर ते काय सांगतील? द्वारका, गोदावरी, भागीरथी! हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.) नुला मला एकदम आवडलं. छोटंसं, गोड, शिवाय आईच्या जिभेला झेपणारं.

आता आमच्या घरात नावाची खरी परीक्षा म्हणजे ते ओरडायला कसं आहे. आई म्हणते, जे नाव जिन्याखालून हाक मारल्यावर वरच्या खोलीत पोचत नाही, ते नाव नव्हे, नुसती सजावट. म्हणून एका शनिवारी, आई निखिलकडे असताना, मी माझ्या रिकाम्या घरात जिन्याखाली उभी राहून परीक्षा घेतली.

"नुला, खाली उतर! नुला, दूध संपव! नुला, पाठीत धपाटा घालीन!"

फर्मास! खणखणीत! मागच्या दाराशी फ्रँकआजोबा काळजीत उभे होते. "कोण आहे वर? आणि त्या बिचारीने केलंय तरी काय?"

बारशाला कीराच्या माहेरची मंडळी आयर्लंडहून फेरीबोटीने आली. आमच्या विहीणबाई, त्यांचे यजमान आणि विहीणबाईंच्या दोन बहिणी. सगळी शेतावरची माणसं. टेबलावर घुगऱ्यांच्या शेजारी विहीणबाईंनी स्वतः केलेला सोडा ब्रेड मांडला होता. मी मोठ्या उत्साहाने सगळ्यांना समजावलं, "मी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करीन, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीत गुद्दे मारायचे."

"खरंच मारायचे?" धाकट्या बहिणीने बाह्या सरसावत विचारलं.

"अगदी! प्रथाच आहे!"

'हळू' हा शब्द सांगायचा राहिला. ह्या बायकांनी जन्मभर अडलेल्या गाईंची वासरं ओढून काढलेली! पहिल्या गुद्द्याला मी पाळण्यावरून पलीकडे जायची बाकी होते. दुसऱ्याला माझा चष्मा बाळाच्या पायाशी. तशा अवस्थेत मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, ताठ उभी राहिले (जमलं तेवढी) आणि जाहीर केलं, "नुला!"

आमच्याकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. तिकडच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्या बहिणीचा वर उगारलेला हात तिथेच राहिला. विहीणबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि रडायलाच लागल्या.

निखिल माझ्या कानाशी आला. "ताई, तुला माहितीये ना हे कुणाचं नाव आहे?"

"कुणाचं?"

"मम्मीचं!"

"आपल्या आईचं नाव शालिनी आहे रे."

"कीराच्या मम्मीचं!"

(आता तुम्ही म्हणाल, सख्ख्या विहिणीचं नाव माहीत नाही? तर नव्हतं! मुलं त्यांना मम्मी म्हणतात, म्हणून निखिलही मम्मीच म्हणतो. यजमान त्यांना 'द मिसेस' म्हणतात. आणि आम्ही लग्नापासून विहीणबाई. माझ्या फोनमध्येही तेच नाव. आपल्यात मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची नाही इथपर्यंत ठीक, पण ते निदान विचारून ठेवावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं!)

निखिलने घाईघाईत कानातच सांगितलं, त्यांच्याकडे म्हणे पहिल्या नातीला आईच्या आईचं नाव देतात. आणि कीराने लग्नाआधीच मम्मीला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "मी नाही देणार. माझ्या मुलीला तिचं स्वतःचं नाव असेल." विहीणबाई "बरं" म्हणाल्या होत्या, आणि पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नव्हता.

मी कीराकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. एवढी एकच गोष्ट तिने नको म्हटली होती, आणि मी तीच शोधून तिच्या पोरीला चिकटवली होती. तेवढ्यात विहीणबाईंनी मला मिठीत घेतलं. "तू आमची रीत शोधून काढलीस! इतक्या दुरून आलेली तू!" (दुरून कुठली? दोन गल्ल्या.)

कीराने आईचा चेहरा पाहिला. क्षणभर ओठ चावला. मग म्हणाली, "हो मम्मी. आम्ही सगळं ठरवूनच केलंय."

नंतर स्वयंपाकघरात तिने मला कोपऱ्यात गाठलं. "तुला माहीत नव्हतं ना?"

"आईशप्पथ नव्हतं! सॉरी गं. आपण बदलू."

ती टाके सांभाळत हसत सुटली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "नको. तिने मला कधी विचारलं नसतं, आणि विचारलं असतं तरी मी हट्टाने नाही म्हटलं असतं. राहू दे." मग मला जवळ घेऊन तिने पाठीवर हात फिरवला. तिथे नेमकं काळंनिळं झालं होतं. मी ओरडले.

खरी आफत पुढेच होती. आईने कपाळाला हात लावला. "अगं, हयात माणसाचं नाव! तेही विहीणबाईंचं! आता मी पोरीला ओरडायचं कसं? 'नुला, गधडे' म्हणू? त्यांच्यादेखत?"

विहीणबाई आता महिन्या-दोन महिन्यांनी येतात, आणि आई तर व्हिसा पुरेपूर वापरते. भाची चालायला लागली आहे. परवा ती कुंडीतली माती मुठीत घेऊन सोफ्याच्या पाठीवर चढून बसली. समोर विहीणबाई. आई हात जोडून म्हणाली, "अहो नुला, खाली उतरा बरं. आणि ती माती खाऊ नका." आईचा राग मग कुठेतरी निघायला हवा, म्हणून ती माझ्याकडे वळून कडाडली, "कार्टे, बघत काय उभी राहिलीस? उचल तिला!"

हे दिवसातून किती वेळा होतं म्हणून सांगू! म्हणजे ज्या बाईने नाव ठेवायचा मान मिळवला, त्या बाईच्या वाट्याला त्या नावाचा सगळा ओरडा.

काल भाचीने मला पहिल्यांदा हाक मारली. आम्ही सगळे महिनाभर 'आत्या, आत्या' घोकून घेत होतो. ती वरच्या खोलीत होती, मी जिन्याखाली. कठड्याला धरून, छातीत हवा भरून ती ओरडली, "काट्टे!"

अगदी खालपर्यंत पोचलं. नाव म्हणून पास आहे.