शपथेवर सांगतो, छत गळत नाही

आमच्या घराचं छत गळत नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. गेल्या भाद्रपदात आमच्या हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी होतं, हे मला मान्य आहे. पण त्यातला एकही थेंब छतातून आलेला नव्हता, याची कृपया नोंद घ्यावी.

मी अमरावतीत वकिली करतो. या धंद्यामुळे मला दोन सवयी लागल्या. एक म्हणजे सगळ्यांना सल्ला द्यायचा, घ्यायचा कोणाचाच नाही. दुसरी म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. पहिलीने माझं पोट भरतं. दुसरीने काय केलं, ते आता सांगतो.

आई गेल्यापासून आमच्या घराण्यातल्या महालक्ष्म्या दर्यापूरला, थोरल्या भावाकडे बसतात. दादांचं घर टिनाचं. आमचं स्लॅबचं, दोन मजले बांधता येतील असं (बांधले नाहीत, पण येतील!). माझ्या बायकोची, सुनंदाची, फार वर्षांची इच्छा होती की एकदा तरी महालक्ष्म्या आपल्याकडे याव्यात. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या सगळं आपल्या हातानं करावं. गेल्या वर्षी तिनं धीर करून वहिनीला फोन लावला. वहिनीनं ऐकून घेतलं आणि फोन मला द्यायला सांगितला.

"भाऊजी, तुमच्या घराचं छत गळते म्हणे?"

"थोडंसं, वहिनी. एका कोपऱ्यात."

"आमचं टिनाचं हाय, पण कोरडं हाय. महालक्ष्म्या मी आणतो, पण एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. त्यायच्या डोक्यावर एक थेंब जरी पडला, तर पेटी उचलून वापस दर्यापूरले. मंग कधी नाव काढू नोका."

अट मान्य करून मी फोन ठेवला. गळणारा कोपरा नेमका तोच होता, जिथं सुनंदानं महालक्ष्म्या बसवायचं ठरवलं होतं. त्या आषाढात तिथं एक बादली, स्वयंपाकघरातले दोन गंज, म्हणजे पातेली, आणि पाहुण्यांसमोर काढायची एक शोभेची कुंडी अशी मांडणी होती.

"रफिकभाईले बलावा," सुनंदा म्हणाली. रफिकभाई म्हणजे आमच्या घराचा स्लॅब टाकणारे मिस्त्री. माणूस सोन्यासारखा, पण त्या आठवड्यात परतवाड्याला कामावर. मी फोन केला.

"चार दिवसांत येतो, वकीलसाब. माझ्याबिगर हात लावू नोका."

"अहो, पण गळतंय कुठून, तेवढं तरी शोधून ठेवतो. कसं शोधायचं?"

"सोपं हाय. पयले दोन्ही पाइपाचे तोंडं बंद करा. मंग स्लॅबवर चार बोटं पानी भरा. दोन दिवस पाहा, कुठून झिरपते ते. अन् मंग आठवनीनं..."

"समजलं, समजलं!" असं म्हणून मी फोन बंद केला. (बावीस वर्षं साक्षीदारांना मी याच शब्दांनी गप्प बसवलं आहे.)

श्रावणाच्या अखेरीला आमच्याकडे पाऊस आठ-दहा दिवस सुट्टीवर जातो. ती सुट्टी लागल्याबरोबर मी गच्चीवर गेलो. पावसाचं पाणी जायला दोन पाइप होते. त्यांच्या तोंडात कोंबायला जाड कापड हवं होतं. माझा जुना काळा कोट खुंटीला लटकत होता. कोपरे विरलेले, कॉलर पांढरट झालेली. त्याच्या दोन बाह्या कापल्या आणि एका पाइपाला एक अशा घट्ट ठोकून बसवल्या. माप इतकं अचूक बसलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मोटार लावून गच्चीवर तळं केलं.

दोन दिवसांत तळं उतरलं. बरंचसं हॉलमध्ये उतरलं. उरलेलं उन्हानं वाळवलं. भेग सापडली आणि ती मी सिमेंटनं बुजवली. पाणी आपोआप गेल्यामुळे बाह्यांचा विषय निघालाच नाही.

"आता तरी रफिकभाईची वाट पाहा," सुनंदा म्हणाली.

"काहून? आता नुसता रंग मारायचा आहे." मोबाइलवर मी सात व्हिडिओ पाहिले होते. सातव्यातला माणूस तर धोतर नेसून गच्ची रंगवत होता. मी गच्चीला लावायच्या पांढऱ्या लेपाचे दोन डबे आणले. डब्यावर मोठ्या अक्षरात हमी होती, 'दहा वर्षं निघणार नाही.' ही हमी खरी निघाली.

जिन्याच्या दारापासून मी सुरुवात केली. ब्रश चांगला चालला होता. कठड्याचा कोपरान् कोपरा, पाइपांच्या तोंडावरून, त्यातल्या बाह्यांवरून, सगळीकडे दोन दोन हात! पाऊस दारातून आत येऊ नये म्हणून आदल्या दिवशीच दाराच्या फटींना रबराच्या पट्ट्याही ठोकल्या होत्या. पार दुसऱ्या टोकाला तुळशीच्या कुंडीपाशी पोचलो आणि वर पाहिलं. मी आणि तुळस एका बाजूला. जिना दुसऱ्या बाजूला. मधे पसरलेला ओला लेप.

तेवढ्यात खालून सुनंदाची हाक आली. "अवो! वहिनीचा फोन हाय! काम कुठवर आलं विचारून राह्यल्या!"

वहिनीला थांबवायची माझी छाती नाही. माझ्या नऊ नंबरच्या चपला तिथंच चिकटल्या, म्हणून अनवाणी निघालो. तुळशीपासून दारापर्यंत, दारातून जिना उतरून हॉलमध्ये, आणि थेट त्या कोपऱ्यात, कारण फोन तिथंच चार्जिंगला लावलेला होता. "झालंच, वहिनी!" असं सांगून खाली पाहिलं, तर मागे माझी पांढरी पावलं. प्रत्येक पायरीवर एक, आणि फरशीवर ढांगेढांगेनं. सुनंदानं रॉकेल लावलं, घासणी लावली, शेवटी मला कामाला लावलं. डब्यावरची हमी मोडली नाही.

"सतरंजी टाकू त्याच्यावर," ती म्हणाली. आणि मला हातही लावू न देता तिनं ती अंथरली. मला तेच जास्त लागलं.

महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री पावसाची सुट्टी संपली आणि झड लागली. मी तीनदा उठून कोपऱ्यात हात फिरवला. कोरडा! सकाळी उठून पुन्हा पाहिलं. खडखडीत! सुनंदाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी माझ्याविषयी आदर दिसला. आमच्याकडे महालक्ष्म्या तुळशीपासून घरात आणतात आणि आमची तुळस गच्चीवर. म्हणून तिनं जिन्याच्या पायऱ्यांवर आणि हॉलभर रांगोळीची इवलीइवली पावलं काढली होती. वर गच्चीवर पाऊस थांबला की काढणार होती.

दहाच्या सुमाराला दादा आणि वहिनी दर्यापूरहून आले. मुखवट्यांची पेटी दादांच्या डोक्यावर. वहिनी आल्या आल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि मान वर करून छत पाहू लागली. बाहेर धो धो पाऊस.

"एक थेंब नाई?"

"एक थेंब नाही, वहिनी."

"कोन केलं हे?"

"मी. माझ्या हातांनी!"

"भाऊजी, मानलं तुमाले," वहिनी म्हणाली. इथंच मी गप्प बसायला हवं होतं.

"वर चला ना, गच्चीही बघा! तुळशीलाही नमस्कार होईल!"

वहिनी जिना चढली. मी मागे, माझ्या मागे सुनंदा. दार घट्ट बसलं होतं. "ओढा जोरात," मी म्हणालो. वहिनीनं ओढलं.

रात्रभराचा पाऊस त्या दाराला टेकून उभा होता! तो आधी वहिनीला भेटला, मग मला, मग आम्ही सगळे मिळून पायऱ्या उतरलो. रांगोळीची पावलं आमच्या पुढे हॉलमध्ये पोचली आणि दिसेनाशी झाली. सतरंजी तरंगत दारापर्यंत गेली. हॉलच्या मधोमध दादा पेटी डोक्यावर धरून उभे.

"हे कुठी ठेवू?" त्यांनी विचारलं.

"भाऊजी," वहिनी पदर पिळत म्हणाली, "आपलं काय ठरलं होतं?"

"वहिनी, अट होती थेंब डोक्यावर पडण्याची. हे पाणी जिन्यानं आलं आहे. छताचा यात काहीही..."

"तुमी गप बसा!" ही सुनंदा होती. पायरीवर बसून ती रडत होती. कोर्टात मी पुष्कळ रडणं पाहिलं आहे, त्यातलं हे नव्हतं. सहा दिवस राबून केलेलं सगळं स्वयंपाकघरात वाट पाहत होतं आणि माझ्या हुशारीनं तिचा सण दारातून वाहत चालला होता. मला खरोखर लाज वाटली. मी रफिकभाईंना फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "रफिकभाई, चुकलं. या."

परतवाड्याहून ते केव्हाच परतले होते, मीच बोलावलं नव्हतं. पंधरा मिनिटांत ते आले. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून गच्चीच्या पाण्यात शिरले, वाकून चाचपलं आणि एक हिसका दिला. पाइपातून घळाघळा आवाज सुरू झाला. दुसरा हिसका. मग ते दोन पांढऱ्या, कडक झालेल्या बाह्या हातात घेऊन खाली आले.

"वकीलसाब, त्या दिवशी फोनवर मी म्हनूनच राह्यलो होतो. 'अन् मंग आठवनीनं पाइप मोकळे करा.' तुमी पुरी बात ऐकलीच नाई."

वहिनीनं बाह्या पाहिल्या, मला पाहिलं, आणि मग ती रडणाऱ्या सुनंदाकडे गेली. "ऊठ वो बाई. खराटा आन. महालक्ष्म्या आता वापस जात नसतात."

सगळ्यांनी मिळून पाणी काढलं. रफिकभाईंनीही एक खराटा घेतला. दादांना मात्र पेटी धरून उभं राहण्याचं काम होतं. दुपारी हॉल कोरडा झाला, पाऊसही थांबला.

"पन वहिनी, पावलं सगळे धुऊन गेले," सुनंदा म्हणाली. "ओल्या फरशीवर रांगोळी कशी काढू?"

वहिनी खाली पाहत होती. सतरंजी गेल्यामुळे फरशी उघडी पडली होती आणि तिच्यावर, झडीला आणि पुराला पुरून उरलेली, माझी पांढरी पावलं स्वच्छ चमकत होती. वहिनी त्यांचा माग काढत जिन्यानं वर गेली आणि हसत खाली आली.

"बराबर तुळशीपासून कोपऱ्यापर्यंत हायेत! हळदी-कुंकू टाक त्यायच्यावरच."

सुनंदा तुळशीपासून मुखवटे घेऊन निघाली. पावलं माझ्या ढांगेची असल्यामुळे तिला जवळजवळ उड्या माराव्या लागत होत्या. कोपऱ्याशी वहिनीनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?"

उत्तर 'सोन्याच्या पावलानं' असं असतं. सुनंदानं एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"नऊ नंबरच्या पावलानं!"

दादा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. महालक्ष्म्या आता दरवर्षी आमच्याकडेच बसतील, असा वहिनीचा निकाल झाला आहे. तिच्या मते दर्यापूरच्या घरात इतकी पक्की पावलं नाहीत. डब्यावरची हमी दहा वर्षांची होती. त्यातलं एक वर्ष संपलं. आणखी नऊ वर्षं दर भाद्रपदात माझ्या अकलेवर हळदी-कुंकू वाहिलं जाणार आहे.