आवळीभोवतीचा मोरपंखी दोरा

आमच्या गावची नदीकाठची बाग इंग्रजांच्या काळातली. फाटकाशी दगडी पाटी आहे, पण तिच्यावर दरवर्षी इतक्या इमानदारीने चुना फासतात, की बाग कुणी लावली हे आता कुणालाच वाचता येत नाही. कारंजं मी कधी उडताना पाहिलेलं नाही. तरीही बाहेरच्या कुणी या बागेला नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. तो हक्क आम्हा गावकऱ्यांचा.

कार्तिकात आवळीखाली जेवायला आम्ही इथेच यायचो. घाटाच्या पायऱ्यांजवळ जुनी आवळी आहे. आई तिची पूजा करायची, सूत गुंडाळत खोडाला फेऱ्या घालायची, आणि बाबा सतरंजीवरून ओरडायचे, "आटप वो, भरीत थंडं होऊन राह्यलं!"

यंदा उन्हाळ्यात आई गेली. तेव्हापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. तहसीलमधून रिटायर झाल्यावरही रोज चौकात चहाला जाणारा हा माणूस, खिडकीपाशी आईच्या शिलाई मशीनशेजारी खुर्ची टाकून बसून राहायचा. मशीनवर माझं मोरपंखी ब्लाउज अर्धवट पडलं होतं, सुईत दोरा तसाच. एकदा मी नुसतं झाकण घालायला गेले, तर खेकसले, "हात नको लावू." मी यवतमाळहून रविवारी एसटीने यायचे, स्वयंपाक करून ठेवायचे; शेजारच्या काकू सांगायच्या, त्यातलं निम्मं गाईला जातं. बाबा असेच खिडकीशी बसून संपणार, ही धास्ती मला लागली होती.

त्यामुळे आवळीनवमीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "उद्या ये, बागेत जाऊ," तेव्हा मी उडालेच. काकूंनी आठवण करून दिली, यंदा सण करायचा नसतो. बाबा म्हणाले, "हा कायचा सण? जेवन आहे."

बागेत पोचलो. पलीकडच्या काठावर तूर फुलून पिवळी झाली होती. आवळीखाली बायकांची गर्दी. मी हळदकुंकू आणलं होतं, पण सूत घरीच विसरले. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून रीळ काढलं. मोरपंखी. मशीनवरचं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. ते मात्र आवळीकडे पाहत होते.

"किती फेऱ्या असतात?" त्यांनी विचारलं.

मला काय माहीत! आईच्या फेऱ्या चालायच्या तेव्हा मी कारंज्याच्या कठड्यावर बसून चिवडा खायचे. "तुम्ही पाहत होते ना दरवर्षी?"

"मी भरताकडे पाहत होतो," बाबा म्हणाले. "जाऊ दे. रीळ सरेपर्यंत घालतो."

आणि निघाले. दुखऱ्या गुडघ्यांनी, मुळांवरून पाय उचलत, आवळीभोवती. शिलाईच्या रिळात किती दोरा असतो, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"काकाजी, पांढरं सूत लागते. अन् एवढ्या फेऱ्या कायले?"

"आमच्या घरी हाच दोरा आहे," बाबा न थांबता म्हणाले.

मी त्या बाईला हळूच सांगितलं, आई यंदा गेली म्हणून. तिचं हसू मावळलं. पुढच्या फेरीला तिने बाबांचा दंड धरला आणि त्यांच्यासोबत चालू लागली. मध्येच दोरा तुटला. बाबांनी एक टोक दातांत धरून गाठ मारली, अगदी आईसारखी. मी डबे उघडायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

रीळ सरलं तेव्हा ते धापा टाकत सतरंजीवर बसले. भरीत, भाकर, कांद्याची पात. एक भाकर संपवून त्यांनी दुसरी मागितली. मी डोळे पुसत म्हटलं, "भरीत जरा तिखट झालं."

"तिखट? अळणी आहे," बाबा म्हणाले. इतक्या महिन्यांनी त्यांनी जेवणाला नाव ठेवलं होतं. मला एवढा आनंद झाला, की मी मीठ आणायलाही विसरले होते हे मुकाट्याने कबूल केलं.

संध्याकाळी घरी आलो. बाबा सवयीने खिडकीपाशी गेले. सुई रिकामी होती. त्यांनी खुर्ची उचलली, बाजूला ठेवली आणि मशीनपुढे आईचं स्टूल सरकवलं.

"रविवारी येशीन तं याच रंगाचं रीळ आणजो," ते म्हणाले. "ब्लाउज पुरं करून टाक. तिले अर्धवट काम चालत नव्हतं."